यंत्र नवी मुंबईत, खेळगडी वाशीमात



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गेले दोन महिने एक शब्द सारखा डोकावतो आहे : क्लाउड गेमिंग. रिसोड तालुक्यातल्या सातवीतल्या एका मित्राने तर वहीचं अख्खं पान भरून विचारलं आहे. तो लिहितो, ‘माझा मावसभाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, आता लॅपटॉप नको, प्लेस्टेशन नको. बाबांच्या जुन्या फोनवरसुद्धा मोठमोठे गेम चालतात, कारण ते ढगात असतात. बाबा म्हणतात, ढगात पाऊस असतो, गेम नसतो. ही पैसे मागायची नवी तऱ्हा आहे. मॅडम, दोघांत खरं कोण?’

मला विचाराल तर दोघेही थोडे थोडे खरे. पण कोण किती खरं हे ठरवायला आपल्याला थोडं गणित करावं लागेल आणि एक खेळही खेळावा लागेल. आहे तयारी?

आधी त्या ढगाचा निकाल लावू. ढग-बिग काही नसतो. अभियंते कागदावर तारांच्या जाळ्याची आकृती काढायचे, तेव्हा ‘इथे आत काय काय आहे ते आत्ता बघायचं नाही’ अशा भागाभोवती ढगासारखी वेडीवाकडी रेघ मारायचे. त्यावरून ते नाव चिकटलं. खरं म्हणजे तिथे असतात कपाटांच्या रांगा, कपाटांत संगणक, आणि ते तापू नयेत म्हणून गार हवा सोडणारी यंत्रं. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात ती भरपूर आहेत. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आहेत. पनवेलजवळ २०२० साली योट्टा नावाच्या कंपनीचं एक सुरू झालं, त्यात सुमारे ७,२०० कपाटांची सोय आहे. पुण्यात मायक्रोसॉफ्टचं २०१५ पासून आहे. ही सगळी मंडळी मुंबईच्या आसपास का गोळा झाली? कारण परदेशातून समुद्राच्या तळाने येणाऱ्या केबल मुंबईत वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवर जमिनीला लागतात. बंदराजवळ गोदामं असतात ना, तसंच हे.

विहिरीवरची मोटर

आता तुमच्या शेताकडे चला. विहिरीवर मोटर आहे. पूर्वी रात्री-अपरात्री लाइन आली की बाबांना बॅटरी घेऊन, चिखल तुडवत, स्टार्टरचं बटण दाबायला जावं लागे. आता कित्येकांनी स्टार्टरच्या पेटीत सिमकार्डवालं यंत्र बसवलं आहे. घरून फोन लावला की दोन किलोमीटरवरची मोटर सुरू! त्यासाठी मोटर काही घरात आणून ठेवावी लागली नाही. जड यंत्र आपल्या जागी राहिलं, आपल्या हातात फक्त बटण आलं.

क्लाउड गेमिंगही असंच. मोठा गेम चालवायला ताकदवान संगणक लागतो, त्यात हजारो रुपयांचं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि कित्येक गेम तर शंभर जीबीच्या घरात जागा मागतात. आपल्या फोनला हे झेपणारं नाही. म्हणून गेम चालतो तिकडे, डेटा सेंटरमधल्या संगणकात. तुम्ही इकडे ‘उडी’चं बटण दाबलं की तेवढा निरोप तिकडे जातो. तिकडचा संगणक उडीचा हिशोब करतो, नवं चित्र काढतो आणि ते चित्र व्हिडिओसारखं तुमच्याकडे पाठवतो. तुमच्या फोनाचं काम दोनच : बटण कळवायचं आणि आलेलं चित्र दाखवायचं. युट्यूब चालणारा फोन असला की पुष्कळ झालं. मावसभाऊ इथे शंभर टक्के खरा आहे.

पण मोटर सुरू करायला दिवसातून एकदा निरोप पाठवला की झालं. गेममध्ये सेकंदाला साठ चित्रं यावी लागतात. एकेक चित्र केवढं? पूर्ण एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. करा गुणाकार : २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला ३ बाइट, म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट. गुणिले साठ. एका सेकंदाला ३७ कोटींहून जास्त बाइट! जसंच्या तसं पाठवलं तर दिवसाचा दीड जीबीचा कोटा चार सेकंदांत खलास.

मग हे जमतं कसं? वर्गातला फळा आठवा. कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर, गैरहजर लिहिलेलं असतं. रोज सकाळी आपण तो कोपरा सगळा पुसून पुन्हा लिहितो का? पट तोच राहतो. दिनांकाचा आकडा बदलला तेवढा पुसतो, हजरचा आकडा बदलतो. चित्रांचंही तसंच करतात. आकाश तेच, डोंगर तोच, मग ते पुन्हा पाठवायचं कशाला? जे हललं, जे बदललं, तेवढंच पाठवायचं. शिवाय डोळ्याला कळणार नाहीत असे रंगांतले बारीक फरक गाळून टाकायचे. या युक्तीने चित्र जवळपास तीनशेपट हलकं करता येतं. म्हणूनच स्फोट झाला, धूर उसळला, गवत वाऱ्याने हललं की क्लाउडवरच्या गेमचं चित्र चौकोन-चौकोन दिसू लागतं. एकाच वेळी सगळा फळा बदलला ना!

चिठ्ठीवाला धावतो

आता खेळ. आनंददायी शनिवारी मी आमच्या चौथीच्या मुलांकडून हा करून घेतला. तुम्हीही करा, फक्की आणि चार चिठ्ठ्या पुरतात.

मैदानावर फक्कीने पाच बाय पाचचे चौकोन आखले. एका चौकोनात ‘नायक’ उभा केला, दुसऱ्यात ‘वाघ’. मी दर पाच आकडे मोजले की वाघ एक घर पुढे सरकणार. नायकाने मनाने हलायचं नाही. चिठ्ठीवर जो बाण असेल तिकडेच जायचं. आणि बाण काढणारा खेळाडू कुठे? तो मैदानाकडे पाठ करून बसलेला. एक चिठ्ठीवाला मैदानावरची स्थिती कागदावर काढून त्याला दाखवायला धावतो, खेळाडू बाण काढतो, चिठ्ठीवाला तो घेऊन परत धावतो.

पहिल्या फेरीत खेळाडूला मैदानाच्या कडेलाच बसवलं. मजेत चाललं, वाघाला काही नायक सापडेना. दुसऱ्या फेरीत त्याला पार शाळेमागच्या कडुनिंबाखाली नेऊन बसवलं. दोन मिनिटांत वाघाने नायक खाल्ला. खेळाडू धावत आला आणि भांडायलाच लागला, ‘मॅडम, मी बाण काढला तवा तर वाट मोकळी होती!’ होती ना, मोकळीच होती. पण ती केव्हाची? चिठ्ठी निघाली तेव्हाची. चिठ्ठी पोचेस्तोवर वाघाने दोन घरं ओलांडली होती.

मग एका हुशार मुलीने उपाय सुचवला, ‘मॅडम, चार चिठ्ठीवाले ठेवा.’ ठेवले. आता चित्रं जास्त येऊ लागली, रंगीत खडूने काढलेली मोठी चित्रंही आली. पण वाघाने नायक पुन्हा खाल्लाच. का बरं? चौघे झाले तरी एकेकाला धावायचं अंतर तेवढंच राहिलं. माल जास्त आला, लवकर कुठलाच आला नाही.

मुलांनो, हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत तो कधीच सांगत नाहीत. ‘शंभर एमबीपीएस स्पीड!’ म्हणजे चिठ्ठीवाले किती ते सांगितलं. एक चिठ्ठी जाऊन परत यायला किती वेळ लागतो, तो आकडा वेगळा. त्याला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदात मोजतात. एका सेकंदाचे हजार मिलिसेकंद. गेमची सगळी मजा या दुसऱ्या आकड्यावर असते.

तुम्ही म्हणाल, ‘पण मॅडम, त्याच फोनवर, त्याच जागी युट्यूब तर झकास चालतं!’ चालणारच. युट्यूबचा व्हिडिओ म्हणजे उन्हाळ्यात करून ठेवलेले पापड-कुरडया. फोन पुढची अर्ध्या-एक मिनिटाची चित्रं आधीच ओढून डब्यात भरून ठेवतो. मध्ये रेंज गेली तरी डब्यातलं वाढत राहतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. गेम म्हणजे तव्यावरची भाकरी. तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे हे तुमचं तुम्हालाच अजून माहीत नाही, मग पुढचं चित्र आधी काढून ठेवणार कोण? दर वेळी निरोप जायचा, चित्र निघायचं आणि गरमागरम ताटात पडायचं. साठवण करायची सोयच नाही. व्हिडिओ छान चालतो म्हणून क्लाउडवरचा गेमही चालेल असा हिशोब करू नका, तो चुकीचा आहे.

आपण किती लांब?

वाशीमहून नवी मुंबई सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर. पण काचेची तार पक्ष्यासारखी सरळ जात नाही. ती रस्त्यांच्या, रुळांच्या कडेने वळणं घेत जाते. आपण ६०० किलोमीटर धरू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मग ६०० किलोमीटरला लागले ३ मिलिसेकंद, परतीचे ३, एकूण ६. किती कमी! समृद्धी महामार्गाने कितीही चांगली गाडी नेली तरी हे जमायचं नाही. तेच यंत्र सिंगापूरला असेल, तर मुंबईच्या पुढे आणखी सुमारे चार हजार किलोमीटर. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंदांची भर. म्हणून यंत्र देशातच असणं फार मोलाचं.

मग आपल्याकडे अडतं कुठे? काचेच्या तारेत नाही, तर दोन्ही टोकांना. तुमच्या फोनापासून टॉवरपर्यंतचा प्रवास हवेतून होतो, आणि फोर-जीवर तेवढ्याचेच तीस-चाळीस मिलिसेकंद सहज जातात. संध्याकाळी आठला अख्खं गाव मोबाइल घेऊन बसलं की टॉवरपाशी रांग लागते, मग त्याहून जास्त. त्यात तिकडे चित्र काढायला, ते हलकं करायला, इकडे उलगडायला लागणारा वेळ मिळवा. बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंत शंभर-दीडशे मिलिसेकंद व्हायला वेळ लागत नाही. घरच्या यंत्रावर खेळलात तरी हा वेळ शून्य नसतो, पण कमी असतो.

आणि एक खोड त्याहून वाईट. एसटी रोज दहा मिनिटं उशिरा येत असेल तर आपण सवय करून घेतो, दहा मिनिटं उशिराच निघतो. पण एक दिवस वेळेवर, एक दिवस पाऊण तास उशिरा, असं झालं की माणूस काय करणार? मोबाइलच्या रेंजचं तेच असतं. पिंग आत्ता ४०, लगेच २००, पुन्हा ५०. हात त्याला सरावतच नाही. घरात फायबर असेल तर हा त्रास बराच कमी होतो. मात्र आपल्याकडे ‘लाइन गेली’ म्हणजे वीज गेली, हे विसरू नका. वीज गेली की वाय-फायचा डबा बंद, डबा बंद की गेम बंद. फोनात उतरवलेला साधा गेम तेव्हाही चालू राहतो.

शंभर मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. एवढ्याशाने काय बिघडतं, असं वाटलं ना? मग पट्टी घ्या, तीस सेंटिमीटरची. मित्राला ती वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. तुमचा अंगठा आणि बोट खालच्या टोकापाशी, शून्याच्या खुणेवर, न टेकवता उघडं ठेवा. तो न सांगता पट्टी सोडेल, तुम्ही पकडायची. पकड १५ सेंटिमीटरवर पडली तर तुम्हाला सुमारे १७५ मिलिसेकंद लागले. २० वर पडली तर सुमारे २००, २५ वर पडली तर सुमारे २२५. आमच्या वर्गात बहुतेकांची पकड २० ते २५ च्या मध्ये पडली, माझी २४ वर.

आता समजा पट्टी सुटल्याचं चित्रच तुम्हाला शंभर मिलिसेकंद उशिरा दिसलं. २० वर पकडणारा गडी मग कितीवर पकडेल? २५ वर? ३० वर? नाही हो! पडणारी वस्तू दर क्षणाला जास्त वेगाने पडते. हिशोब केला तर पट्टी तोवर ४४ सेंटिमीटर खाली गेलेली असते. पट्टी आहे तीसचीच, म्हणजे हातात फक्त हवा! वेगवान गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोचतो. त्यातला पाचवा हिस्सा आधीच गेला, तर क्रिकेटच्या गेममध्ये त्रिफळा उडणारच. गाड्यांची शर्यत, नेमबाजी, मारामारी यांचं हेच. पण बुद्धिबळ, शेती, शहर वसवायचा गेम, कोडी, गोष्टीतून पुढे जाणारे गेम यांना दहावा भाग उशीर झाला तर काही अडत नाही. वाघ आपली वाट बघत थांबणारा असला की चिठ्ठीवाला कितीही लांबून येऊ दे.

कोटा किती मिनिटांचा?

आता रिसोडच्या मित्राच्या बाबांकडे वळू, कारण हा प्रश्न त्यांचा आहे. कंपन्या या सेवेसाठी साधारण १० ते २५ एमबीपीएस वेग मागतात. इथे एक गोम आहे. वेग सांगतात बिटमध्ये आणि कोटा विकतात बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. म्हणून १० एमबीपीएसला आधी आठाने भागा : सेकंदाला सव्वा एमबी. मिनिटाला ७५ एमबी, तासाला साडेचार जीबी. बाबांच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड जीबी असेल तर १५०० भागिले ७५, म्हणजे वीस मिनिटं. फक्त वीस! त्यानंतर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे लागतो त्याच्या दीडशेव्या भागाहूनही कमी. गेम तर बंद पडतोच, पण त्या दिवशी बाबांना बाजार समितीतला सोयाबीनचा भाव बघायचा असेल, ताईला अभ्यासाचा व्हिडिओ बघायचा असेल, तर तेही खोळंबतं. घरात फोन एक आणि माणसं पाच, अशी कितीतरी घरं मला माहीत आहेत. तिथे ही वीस मिनिटं एकट्याची नसतात.

फोनात उतरवलेल्या ऑनलाइन गेमला एवढा डेटा का लागत नाही, हेही बघून ठेवा. तिथे चित्र तुमचाच फोन काढतो. जाळ्यातून फक्त ‘मी इथे उभा आहे, इकडे वळलो’ एवढे आकडे जातात-येतात. तासाला शंभर एमबीच्या आत सहसा भागतं. क्लाउडमध्ये आकड्यांच्या जागी अख्खी चित्रं येतात, म्हणून कोटा असा उडतो.

घरी फायबर असेल तर मात्र हिशोब पालटतो. रोज तासभर खेळलात तरी महिन्याला १३५ जीबी, फार तर ३४०. घरगुती फायबरच्या बहुतेक प्लॅनमध्ये हे आरामात बसतं. म्हणजे तोच मुलगा, तोच जुना फोन, पण लाइन बदलली की उत्तरही बदललं. या धंद्यात फोनाची किंमत वाचते खरी, पण सगळा भार तारेवर येऊन पडतो. आमच्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर तीच तर कमी आहे. गरिबाघरच्या मुलाला महागडं यंत्र नको, असं म्हणणारी ही सोय आज तरी शहरातल्या चांगल्या लाइनवाल्या मुलालाच जास्त उपयोगी पडते. हे मला खटकतं, म्हणून लिहिते आहे. गावोगाव फायबर नीट पोचलं तर हेच वाक्य मला आनंदाने खोडता येईल.

पालकहो, चार गोष्टी तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कित्येकांनी लहानपणी टीव्ही गेमची कॅसेट घेतली असेल. डब्यात घालायची, नाही चालली तर फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची! ती कॅसेट कपाटात सापडली तर आजही तुमचीच आहे. क्लाउडवरचा गेम तसा तुमचा होत नाही. ते भाड्याचं घर आहे. अमेरिकेत ऑनलाइव्ह नावाची अशी सेवा २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये बंद पडली. गूगलने तर नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठा गाजावाजा करून स्टेडिया काढलं. भारतात ते आलंच नाही, आणि १८ जानेवारी २०२३ ला बंदही झालं. गूगलने लोकांचे गेमचे पैसे परत केले हे चांगलंच, पण तसं करणं कंपनीच्या मर्जीवर होतं. आपल्याकडे जिओने २०२२ च्या अखेरीस अशा सेवेची चाचणी सुरू केली. मार्च २०२४ मध्ये व्हीआयने केअरगेम या फ्रेंच कंपनीला बरोबर घेऊन महिना सुमारे शंभर रुपयांत अशी सेवा आणली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्सवाली आली. या कंपन्या मोठ्या आहेत, सेवाही खऱ्या आहेत. तेव्हा ‘पैसे मागायची तऱ्हा’ म्हणताना फसवणूक असं कोणी समजू नये. भाडं परवडतं का आणि घर राहण्याजोगं आहे का, एवढंच बघायचं.

भाडं भरताना महिन्या-महिन्याचंच भरा, वर्षाचं एकदम नको. ‘पहिला महिना फुकट’ असेल तर ऑटोपे चालू राहिलं नाही ना, ते तारीख लिहून ठेवून तपासा. मूल विसरतं आणि पैसे कापले जात राहतात. प्ले स्टोअरच्या बाहेरून कुणी पाठवलेलं ‘फुकट क्लाउड गेम’चं अ‍ॅप फोनात घालू नका, त्याच फोनात तुमचं बँकेचं खातं असतं. आणि पैसे लावून खेळायचे गेम ही निराळीच गोष्ट. ते चालवण्यावर, त्यांच्या जाहिरातीवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्र सरकारच्या कायद्याने बंदी आली आहे. मूल ‘क्लाउड’ म्हणालं म्हणून लगेच तो जुगार समजून ओरडू नका, आणि जुगाराला कुणी ‘क्लाउड’ म्हटलं म्हणून फसूही नका.

तर रिसोडच्या मित्रा, तू लिहिलं आहेस की घरी फायबर नाही आणि बाबांचा दिवसाचा कोटा दीड जीबी आहे. मग यंत्राबद्दल मावसभाऊ खरा आणि तुझ्या घरापुरते बाबा खरे. तू आत्ता पैसे भरू नकोस. सुट्टीत पुण्याला जाशील तेव्हा मावसभावाकडे मनसोक्त खेळून घे. तिथेही आधी एखादा सावकाश चालणारा गेम घे, मग शर्यतीचा घे, आणि दोन्हींत हाताला काय फरक जाणवतो ते मला कळव.

ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांनी घाई न करता एक तपासणी करावी. आईबाबांच्या समोर फोनवर स्पीड टेस्ट लावा. त्यात वेगाबरोबर पिंगही दिसतो. सकाळी सहाला एकदा, रात्री आठला एकदा, असं तीन दिवस करा आणि सहाही आकडे वहीत लिहा. (मोबाइल डेटावर ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नका, एकेका वेळी शंभर-दोनशे एमबी सहज जातात.) रात्रीचा पिंग ४० च्या आत असेल आणि तिन्ही दिवस जवळपास सारखा असेल, तर एक महिना घेऊन बघायला हरकत नाही. ८० च्या वर असेल किंवा रोज उड्या मारत असेल, तर बुद्धिबळापुरतं ठीक, शर्यतीचा नाद सोडा. खेळताना वाय-फायच्या डब्याजवळ बसा, मध्ये मातीची जाड भिंत नको. आणि संगणकावर खेळत असाल तर सरळ वायरच लावा.

पट्टीचा प्रयोगही घरातल्या सगळ्यांवर करा, आजी-आजोबांवरसुद्धा. प्रत्येकाला पाच-पाच वेळा पकडायला लावा, मधला आकडा घ्या, आणि कोणाची पकड कितीवर पडली त्याचा तक्ता नाव, गाव आणि इयत्ता घालून या सदराकडे पाठवा. तक्त्यात सकाळच्या आणि रात्रीच्या पिंगचे रकानेही टाका.